जयविलासांतील रुप्याची आगगाडी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यांत भोजनाच्या मेजावरून फिरणारी रुप्याची आगगाडी पाहिलेले लोक पुष्कळ आहेत. परंतु ऐतिहासिक साधन म्हणून तिच्याकडे पाहणारे विरळा. राजेलोकांची एक चैन, एवढें म्हटलें कीं विषय संपतो. आमच्या मतें हा निकाल घाईचा आहे.

राजवाडा जयाजीराव शिंदे यांनीं इ. स. १८७४ मध्यें बांधून पुरा करविला. त्याची योजना मायकेल फिलोज यांची. आगगाडी मात्र जयाजीरावांचे पुत्र माधवराव यांच्या कारकीर्दींतील. इंग्लंडांत नॉर्दॅम्प्टन येथें बॅसेट-लोक या नांवाचा, आगगाड्यांचे हुबेहूब लहान नमुने करणारा प्रसिद्ध कारखाना होता. त्यानें ती विसाव्या शतकाच्या आरंभीं करून दिली.

तिची रचना अशी. मेजावर रूळ बसविलेले, त्यांवर विजेनें चालणारें इंजिन, आणि मागें डब्यांवर मद्याच्या काचेच्या सुरया व चिरूट. जेवण आटोपल्यावर गाडी पाहुण्यांपुढून फिरे. कोणीं सुरई उचलली कीं ती जागच्या जागीं थांबे. सुरई परत ठेवली कीं पुढें चाले. म्हणजे सुरई हीच येथें खटक्याचें काम करी. दरबारांत विडा कोणास आधीं द्यावा हा प्रश्न किती नाजूक असे, हें जुनीं पत्रें वाचणारांस सांगावयास नको. येथें देणारा हात दिसतच नाहीं. बैठकीचा क्रम एकदां ठरला कीं पुढचा मान रुळांच्या हवालीं.

एका व्हाइसरॉयच्या मेजवानींत ही गाडी आवरेना व पाहुण्यांवर मद्य सांडलें, अशी गोष्ट सांगतात. दरबार-दिवाणखान्यांतील झुंबरें टांगण्यापूर्वीं छतावर हत्ती चढवून त्याचा भक्कमपणा पाहिला, ही दुसरी. दोन्ही गोष्टी रंजक आहेत. समकालीन कागदाच्या आधारावांचून त्या इतिहासांत घेऊं नयेत, इतकेंच आमचें म्हणणें.

आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती डब्यांवरील अक्षरें. एस्, सी, आय्, एन्, डी, आय्, ए, अशीं सात रोमन अक्षरें ओळीनें येतात व त्यांतून घराण्याचें नांव जुळतें. हा एक लहानसा रौप्यलेखच होय. मराठी दप्तरांत मोडी लिपींत ‘शिंदे’ म्हणून येणारें नांव येथें इंग्रजांच्या उच्चाराप्रमाणें व लिपींत उतरलें आहे. लेख कोणासाठीं कोरला हें लिपीच सांगते. मेजाभोंवतीं बसणारा मुख्य पाहुणा इंग्रज अधिकारी होता.

तथापि ही गाडी नुसत्या आदरातिथ्याची वस्तु समजणें चुकीचें होईल. आगगाडीशीं या दरबाराचा संबंध मेजापुरता नव्हता. जयाजीरावांनीं आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठीं इंग्रज सरकारास ७५ लक्ष रुपये दिले होते. माधवरावांनीं दोन फुटी रुंदीच्या अरुंद रुळांचा मार्ग आपल्या संस्थानांत घातला, इ. स. १८९९ मध्यें तो ग्वाल्हेर लाइट रेल्वे म्हणून रहदारीस खुला झाला व पुढें इ. स. १९०९ पर्यंत श्योपुरास पोंचला. रुळांचा ज्यास खरा अनुभव होता, अशा धन्याच्या मेजावरची ही गाडी आहे. पुढें दैव असें कीं प्रजेस वाहणाऱ्या त्या अरुंद गाड्या इ. स. २०२० मध्यें बंद झाल्या आणि चिरूट वाहणारी मात्र जपली गेली.

अशा वस्तूंचें रुपें टिकतें, परंतु त्यांची हकीकत टिकत नाहीं. कारण ती फुटकळ कागदांत असते. संग्राहक मोडी फर्मान व सनदा जिवापाड जपतात, आणि त्याच गांठोड्यांतील इंग्रजी बिलें, मेजवानीचीं छापील पंक्तिपत्रकें, पाहुण्यांच्या बैठकीचे नकाशे, कोठीच्या खर्चाच्या वह्या रद्दींत घालतात. गाडी कोणत्या मेजवानींत, कोणापुढें, कोणत्या क्रमानें फिरली, हें उद्यां कळलें तर याच कागदांवरून कळेल. ज्यांच्या संग्रहीं ग्वाल्हेरकडील अशीं गांठोडीं असतील त्यांनीं इंग्रजी चिठोरी वेगळी काढून टाकण्यापूर्वीं तिच्यावरील तारीख तेवढी पाहावी.