अग्निशामक आणि न दिसणारी वीज

दरवर्षी १४ एप्रिल रोजी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले व आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक प्राणास मुकले. एवढा प्रचंड स्फोट विरळाच. परंतु लहानशा आगीतही अग्निशामकाचा बळी घेणारा एक धोका असतो. तो म्हणजे वीज.

उसाच्या फडाचेच उदाहरण घेऊ. वीजतारा एकमेकींस घासून ठिणग्या पडतात, पाचट पेट घेते, आणि नगरपरिषदेचा वा साखर कारखान्याचा बंब पोहोचेपर्यंत कधी कधी तार तुटून खाली आलेली असते. ११,००० व्होल्टची तार जमिनीवर पडली की पुरवठा आपोआप खंडित होतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो नेहमीच खरा ठरत नाही. कोरड्या जमिनीतून वाहणारा प्रवाह पुष्कळदा इतका अल्प असतो की, उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणेस त्याची जाणीवच होत नाही. शिवाय बंद पडलेली वाहिनी क्षणार्धात पुन्हा सुरू होऊ शकते.

तारेस स्पर्श न करताही मृत्यू येतो, हे फारसे कोणास ठाऊक नसते. तार टेकते तेथे विद्युतदाब सर्वाधिक असून भोवतालच्या जमिनीत तो पावलागणिक उतरत जातो. दोन पावलांखालील दाबातील फरकामुळे प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. माणूस कोसळला की छातीही त्या मार्गात येते. अग्निशामकाचे बूट व हातमोजे उष्णतेपासून रक्षणासाठी असतात. उच्च दाबाच्या विजेपुढे, त्यातही ओले असताना, त्यांचा भरवसा नाही. पाण्याची अखंड धारसुद्धा वीज त्याच्या हातापर्यंत आणू शकते.

“लाईट गेली आहे, मारा पाणी,” असे गर्दीतून कोणी ओरडले तर ती खात्री नव्हे. गावठाणाची व शेतीपंपांची वाहिनी अनेक ठिकाणी वेगळी असते. घरातील दिवे गेले तरी शेतातील तारेत वीज असू शकते. उपकेंद्रातून वाहिनी बंद करून ती जमिनीशी जोडल्याचे वायरमनने स्वतः सांगावयास हवे. यासाठी उपकेंद्राचा दूरध्वनी क्रमांक व वाहिन्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर असणे अगत्याचे आहे.

सौर कृषिपंपांची गोष्ट निराळी. तेथे स्विच बंद केला तरी सूर्यप्रकाश असेपर्यंत पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या तारांत वीज राहतेच, आणि उपकेंद्रास कळवूनही ती थांबत नाही. पॅनेल कोठे आहेत व तारा कोणत्या बाजूने जातात, हे दाखविणारा जाणता माणूस बंब येताच बांधावर हजर असावा.