कातळाची भेग म्हणजे नळी नव्हे

दिघाशीसारख्या भिवंडी तालुक्यातल्या गावांखाली काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अशा कातळात एका बोअरला भरपूर पाणी लागतं आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्या बोअरमधून नुसती भुकटी उडते. दोष पाणाड्याचा असेलही, पण बहुधा भेगांचा असतो. घट्ट कातळ पाणी फारसं धरत नाही. ते असतं भेगांत आणि लाव्हाच्या थरांच्या सांध्यांत.

भेगेच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत धरल्या तर गणित सोपं आहे : प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनानुसार बदलतो. रुंदी निम्मी झाली की पाणी एक अष्टमांश. पण खऱ्या भिंती खडबडीत. १९३३ साली जर्मनीत निकुराड्झे यांनी नळ्यांना आतून वाळू चिकटवून केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. संथ प्रवाहाला त्या खरखरीचा फरक पडला नाही. मात्र त्यांचा वाळूचा कण नळीपुढे बारीक होता. भेगेतले उंचवटे फटीएवढेच असतात, कुठे समोरच्या भिंतीला टेकतात; वर झिओलाइटच्या स्फटिकांची पुटं. मग पाणी सगळ्या भेगेतून न जाता मोजक्या वाटा धरतं. बोअर त्या वाटेवर पडली तर नशीब!

भेगेत दोन पाणी मिसळण्याची गोष्ट आणखी मजेदार. याच तालुक्यात अकलोली-गणेशपुरीला तानसेकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. ज्वालामुखी नाही, खोल मुरलेलं पावसाचं पाणी तिथल्या उष्णतेने तापून भेगांतून वर येतं. वाटेत त्याला वरचं थंड पाणी भेटतं. अरुंद फटीत संथ वाहणाऱ्या दोन धारा सहजी एकजीव होत नाहीत, शेजारी शेजारी चालतात. खडबडीत भिंत त्यांना वळवते, ताणते, पातळ करते. धार जितकी पातळ, तितकी ती लवकर मिसळते. खोबणीत अडकलेलं पाणी मात्र रेंगाळत सुटतं.

मोकळ्या वाटांचा आणि खोबण्यांचा हाच नियम शौचालयाच्या शोषखड्ड्यालाही लागू. माती आणि वाळू सांडपाणी गाळतात. कातळातली मोकळी वाट ते जवळजवळ तसंच विहिरीपर्यंत पोचवते, आणि खोबणीतला मैला नंतर कितीतरी दिवस झिरपत राहतो. म्हणून पाणी नितळ दिसलं तरी पावसाळ्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी तपासून घ्या.