ताऱ्यांचा कचरा

परवा विमानतळावर एका नटीची गाडी थांबली आणि फोटोग्राफरांचा घोळका तिच्यावर तुटून पडला. मला ब्रूनो मूरों आणि पास्कल रोस्तँ आठवले.

हे दोघे फ्रेंच पापाराझी. चेहऱ्यांमागे धावून झाल्यावर त्यांनी गायक सर्ज गेन्सबूर्गच्या घराबाहेरचा कचरा उचलला. नंतर हॉलिवूड गाठलं.

कचऱ्याच्या पिशवीतल्या वस्तू काळ्या कापडावर नीट मांडायच्या आणि वरून फोटो काढायचा. रिकामे डबे, बाटल्या, पाकिटं, कागद. उत्खननात सापडलेली खापरं मांडावीत तशी! चेहरा नाही, मेकअप नाही. तरी आपण डोळे फाडून बघतो, कारण खाली नाव मोठं असतं. तोच डबा शेजारच्या काकूंचा असता तर?

हा खासगीपणावर घालाच, असं माझं मत. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, ग्रीनवुड खटल्यात, रस्त्यावर ठेवलेला कचरा पोलिसांनी वॉरंटशिवाय तपासला तर चालेल असं ठरवलं. फोटोग्राफरांचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी कायदा कचऱ्याकडे कसा बघतो ते कळतं.

असा फोटो काढून बघायचा असेल तर स्वतःचाच डबा घ्या (धुऊन!). कॅमेरा कापडाला बरोबर काटकोनात, दोन्ही बाजूंनी मऊ प्रकाश. काळं कापड जास्त दिसलं की कॅमेरा फसतो आणि फोटो उजळ काढतो, म्हणून एक्सपोजर एक स्टॉप कमी ठेवा. कापडावरची धूळ मात्र आधी झटका, नंतर एडिटिंगमध्ये जीव जातो.

लाइट, लेन्स, काहीही अडलं तर बिनधास्त विचारा.