मिटल्या डोळ्यांपुढचे रूप

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेल्या या कवयित्रीच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, शेण्या वेचतो आणि केरही काढतो. या साक्षात्काराचा निवाडा विज्ञानाने करण्याचे कारण नाही. परंतु शतकांनंतर हे अभंग ऐकणाऱ्याच्या मनात जात्याचा खुंटा, पिठाने माखलेले हात आणि विटेवरचे सावळे रूप उभे राहते, ते कसे, हा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत नक्कीच येतो. समोर वस्तू नसताना तिचा जणू प्रत्यक्ष अनुभव यावा, अशा या मनोव्यापाराला मनःप्रतिमा म्हणतात.

अशी प्रतिमा मेंदूत खरोखर चित्रासारखी साठवलेली असते, की ती भाषेतील विधानांसारखी असून चित्राचा केवळ भास होतो, यावर स्टीफन कॉसलिन आणि झेनॉन पिलिशिन या मानसशास्त्रज्ञांचा वाद अनेक वर्षे चालला. त्याला नवे वळण दिले ते १९९० नंतर रुळलेल्या एफएमआरआय तंत्राने. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, आणि त्यामुळे चुंबकीय संकेतात पडणारा सूक्ष्म फरक हे यंत्र टिपते. म्हणजे छापील चित्रांतील लाल-पिवळे ठिपके हे विचारांचे छायाचित्र नसून रक्तप्रवाहाच्या फरकाचा संख्याशास्त्रीय नकाशा असतो, आणि हा ओघही काही सेकंद मागाहून येतो. वृत्तपत्री मथळ्यांत नेमकी हीच गोष्ट गाळली जाते.

तरीही या नकाशांनी पुष्कळ सांगितले आहे. कॅथलीन ओक्रेव्हन आणि नॅन्सी कॅन्विशर यांनी २००० मध्ये दाखवले की, ओळखीच्या चेहऱ्याची नुसती कल्पना केली तरी चेहरे पाहताना जागा होणारा भाग कार्यरत होतो आणि स्थळाची कल्पना केली की स्थळे पाहताना जागा होणारा. फक्त प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा हा प्रतिसाद क्षीण असतो. या हिशेबाने विठ्ठलाचे मुख आणि चंद्रभागेचे वाळवंट आठवताना एकाच श्रोत्याच्या मेंदूत दोन निराळे भाग प्रामुख्याने कामाला लागत असावेत. डोक्याच्या मागील बाजूचे प्राथमिक दृष्टिक्षेत्र मात्र प्रत्येक प्रयोगात उजळतेच असे नाही, त्यामुळे कॉसलिन-पिलिशिन वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

या तंत्राचा सर्वांत हृद्य उपयोग एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केला. २००५ मधील रस्ते अपघातानंतर एक २३ वर्षांची तरुणी कोणत्याही हाकेला ओ देत नव्हती, म्हणून ती जाणीवशून्य समजली जात होती. यंत्रात ठेवून तिला प्रथम टेनिस खेळत असल्याची आणि मग स्वतःच्या घरातून खोली-खोलीत फिरत असल्याची कल्पना करण्यास सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूने अगदी निरोगी माणसांसारखाच, दोन्ही वेळा वेगवेगळा प्रतिसाद दिला. निपचित पडलेल्या देहात सूचना समजून ती पाळणारे मन होते, हे २००६ मध्ये जगाला कळले. मनःप्रतिमेच्या अभ्यासाने एवढेच साधले असते तरी तो सार्थकी लागला असता.

दुसऱ्या टोकाला, डोळे मिटले तर काहीच न दिसणारी माणसेही आहेत. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच तशी नोंद केली होती आणि ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला ‘अफॅन्टेझिया’ हे नाव दिले. अशा श्रोत्याला अभंग कळत नाही असे मुळीच नाही, कारण शब्द, लय आणि अर्थ यांना चित्राची अट नसते. म्हणून ‘डोळ्यांसमोर आण’ असे सांगूनही ज्या मुलाला काही दिसत नाही, त्याला शिक्षकांनी मठ्ठ ठरवू नये. ही अवस्था जन्मजात असेल तर तो आजार नव्हे आणि त्यासाठी तपासणीचीही गरज नाही. डोक्याला मार लागल्यावर किंवा पक्षाघातानंतर मनःप्रतिमा उभी करण्याची शक्ती अचानक गेली, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.