पिवळ्या शिरांचा जोडीदार

पावसाळा सरत आला की पडीक रानात आणि बांधांवर जांभळट-पांढऱ्या तुऱ्यांचे ओसाडी नावाचे तण माजते. ही ओसाडी मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. पण आशिया-आफ्रिकेत तिचा पाला चुरडून जखमेवर लावण्याचा घरगुती उपाय रुळला आहे. आग्नेय आशियात याच ओसाडीची पाने पुष्कळदा विचित्र दिसतात: पान हिरवे, शिरांचे जाळे मात्र पिवळेधमक. दिसायला देखणे, पण आहे तो रोगच.

सिंगापूरच्या अशा रोपांतून मिळालेल्या विषाणूची जनुकीय मांडणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. पांढरी माशी तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेते. त्याचे कण जुळ्या भावंडांसारखे चिकटलेले असतात, म्हणून त्याच्या कुळाला जेमिनी हे नाव पडले. आत एकेरी धाग्याचा वर्तुळाकार डीएनए, अवघ्या २,७४१ अक्षरांचा. ओळख पटली, नावही मिळाले.

आणि तिथेच घोडे अडले. हा डीएनए निरोगी ओसाडीत टोचला, तर तिच्या शिरा पिवळ्या होईनात. संसर्ग क्वचितच होई, आणि झाला तरी लक्षण दिसत नसे. मग रोग करतो कोण?

उत्तर २००० साली मिळाले. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या संशोधकांना सिंगापूरच्या सहकाऱ्यांसह आणखी एक डीएनए सापडला, १,३४७ अक्षरांचा, म्हणजे जवळपास निम्म्या आकाराचा. त्याला स्वतःची नक्कल करता येत नाही. त्यासाठी तो मोठ्या विषाणूवर विसंबतो आणि त्याच्याच प्रथिनांच्या कवचात शिरून प्रवास करतो. दोन्ही एकत्र टोचताच शिरा पिवळ्या पडल्या. मोठ्या विषाणूवर असा विसंबणारा डीएनए म्हणजे त्याचा ‘उपग्रह’; या उपग्रहाला ‘डीएनए बीटा’ म्हणू लागले.

नवा विषाणू ठरवण्याची आजची रीत तशी सरळ आहे. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या जेमिनी विषाणूंच्या या गटात संपूर्ण जनुकसंच ज्ञात विषाणूंशी ९१ टक्क्यांपेक्षा कमी जुळला, तर तो नवी प्रजाती धरतात. संगणकावर हे काम झटपट उरकते. परंतु जुळणीचा आकडा नाव देतो, रोगाचे कारण सिद्ध करत नाही. त्यासाठी रोप, टोचणी आणि धीर लागतोच.

आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा भेंडीवरचा केवडा हा रोगही याच जातकुळीचा. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ मध्ये झाली होती. त्यामागेही असाच विषाणू आणि त्याचा बीटा उपग्रह मिळून काम करतात, हे भारतीय संशोधकांनी दाखवले ते २००३ मध्ये, तब्बल ७९ वर्षांनी.