ऑइल गळतंय? सील बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा

नवं ऑइल सील टाकूनही पुन्हा गळती होतेय? दोष कदाचित सीलचा नसेलच.

इंजिन चालताना थोडा वायू पिस्टन रिंगजवळून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. पूर्वी तो नळीने थेट रस्त्यावर सोडला जायचा. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रदूषण रोखण्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. तो हा वायू पुन्हा इंजिनात जाळायला पाठवतो. व्हॉल्व्ह काजळीने तुंबला, की आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं.

काय कराल?

• इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह काढून हलवा. साध्या व्हॉल्व्हचा खुळखुळ आवाज आला नाही, तर तो अडकलाय, बदला.
• पाइप चिरला किंवा तुंबला असेल, तर तोही बदला.
• पाइप मोकळा सोडण्याचा ‘जुगाड’ नको. विषारी वायू बाहेर पडतो.