ओहोटीची खातेवही

मुंबईकराला भरतीचे कौतुक फार. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाटा अंगावर येऊ लागल्या, की बघ्यांची गर्दी उसळते. ओहोटी बघायला मात्र कोणी जात नाही. पाणी सरले की मागे उरतो तो काळा खडक आणि कचरा, अशीच आपली समजूत.

ही समजूत खोडून काढण्याचे काम २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातील हौशी मंडळी करीत आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्र अधिक मागे हटतो. ती वेळ साधून ही माणसे हाजी अली, जुहू, कार्टर रोडच्या खडकांवर उतरतात आणि डबक्यांवर वाकतात. तिथे समुद्रफुले असतात, रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे असतात, हिरवी, तपकिरी, तांबडी शैवाले असतात. आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास अशाच तांबड्या शैवालांपासून बनते. छायाचित्र, जागा आणि तारीख टिपून 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर द्यायची. ओळख जाणकार पटवतात. जीव घरी न्यायचा नाही, उलटलेला दगड होता तसा ठेवायचा.

हा रिकामपणाचा उद्योग नव्हे. बँकेत हयात घालवल्यामुळे मला एक पक्के ठाऊक आहे : वहीत नोंद नसलेली रक्कम नसल्यातच जमा. कोणत्या खडकावर कालवे मिळतात हे कोळणी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पण सरकारदरबारी तोंडी साक्षीला कोण विचारतो?

सागरी किनारा मार्गासाठी भराव पडू लागला, तेव्हा हाजी अली-वरळीच्या प्रवाळांचा प्रश्न उभा राहिला. प्रवाळांना कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे. म्हणून २०२० मध्ये त्यांच्या वसाहती उचलून दुसरीकडे बसवण्यात आल्या. २०२४ पासून त्या मार्गावर मोटारी धावू लागल्या. अनुसूचीत नाव नसलेल्या साध्यासुध्या गोगलगायी आणि शैवाले यांच्यासाठी मात्र तशी सक्ती नव्हती.

नुसत्या नोंदीने भराव थांबत नाही, हे खरेच. पण काय बुडाले याचा हिशेब तरी राहतो. आणि पुढच्या वेळी 'इथे काही नव्हतेच' असे म्हणणाऱ्यासमोर वही उघडून ठेवता येते.